दाखवलेली जागा

निंबवेढ्यात कुठल्याही घरात नवराबायकोचं वाजलं, की दोघांपैकी कुणीतरी मालनबाई शेळक्यांच्या नावानं बोटं मोडायचं. याचा अर्थ सरळ होता. गावातली बहुतेक लग्नं मालनबाईंनी जमवलेली होती. शिव्या कितीही बसल्या तरी पुढच्या भावाबहिणीचं स्थळ बघायला तीच माणसं त्यांच्याच ओट्यावर येऊन बसत, कारण मालनबाईंची एक ख्याती होती. भांडकुदळ सून मिळेल, आळशी जावई मिळेल, पण जी पाहिली तीच मिळेल. धाकटी दाखवून थोरली गळ्यात मारायची हा त्या काळी मुलींच्या बापांचा आवडता खेळ होता. मालनबाईंपुढे तो कुणाला खेळता आला नव्हता.

त्यांची पद्धत साधी होती. मुलगी एकदा सांगून बघायची आणि एकदा न सांगता. सांगून गेलं की पोहे मिळतात, न सांगता गेलं की मुलगी दिसते. माहिती शेजारणीकडून घ्यायची, तीही भांडण झालेल्या. गोडीतल्या शेजारणीचं काय, ती दारातल्या कुत्र्यालाही मनमिळाऊ म्हणते.

अशा बाईला नगरपालिकेत कोण नेईल? नेलं खुद्द नगराध्यक्षांनी. गोरक्षनाथ वाघुले हे नगराध्यक्ष, अख्खं गाव त्यांना नाना म्हणे. बायकांमधून एक सभासद घेणं भाग होतं आणि नानांना न बोलणारी बाई हवी होती. गावभर शोधूनही ती सापडेना. शेवटी, जी उपकाराखाली असेल ती न बोलल्यासारखीच, असा विचार करून त्यांनी मालनबाईंचं नाव सुचवलं. वास्तविक उपकार उलटे होते. नानांच्या तापट लेकीला शेवगावचं शांत घर मालनबाईंनीच मिळवून दिलं होतं. पण उपकार कुणी कुणावर केले, हे मोठ्या माणसांच्या बहुधा लक्षात राहत नाही.

ही गोष्ट बहात्तर सालच्या जानेवारीतली. युद्ध नुकतंच संपलं होतं. नगरपालिकेच्या सभागृहाच्या काचांवर चिकटवलेले काळे कागद मात्र अजून तसेच होते. ते काढायला ठराव लागत होता, आणि ठराव वाचायला उजेड.

त्या दिवसांत लोकनिवास मंडळ नावाच्या एका सरकारी मंडळानं निंबवेढ्यात विड्या वळणाऱ्या बायकांसाठी घरं बांधायचं ठरवलं. गरिबांना घरं देणं हे मंडळाचं काम, आणि त्यासाठी आधी जागा विकत घेणं हे त्याचं त्याहून आवडतं काम. पण मंडळाला एक अट होती. जागा घेण्याआधी गावच्या नगरपालिकेनं ती स्वतः पाहायची. पाणी आहे का, रस्ता आहे का, माणूस तिथं राहू शकेल का, हे तपासायचं आणि सभेत ठराव करून ती योग्य आहे असं सांगायचं. अट फार चांगली होती. ती घालणाऱ्यानं नगरपालिका पाहिलेली नसावी, इतकंच.

जागा सुचवली नानांनी. ती होती त्यांच्या मेहुण्याची, मच्छिंद्रची. पाहणीसाठी तिघांची समिती नेमली गेली. निवृत्त हेडमास्तर दत्तोपंत, कापडाचे व्यापारी छगनशेठ आणि मालनबाई. दत्तोपंतांना शेतातलं काही कळत नव्हतं, छगनशेठला कळत होतं पण बोलायचं नव्हतं, आणि मालनबाईंचा सारा धंदा घराघरांतला, बांधावर त्या फारशा कधी गेल्या नव्हत्या. नानांनी समिती विचार करून नेमली होती.

मालनबाईंना मात्र हे काम मनापासून हवं होतं. कारण होतं कडूबाई. कडूबाई त्यांची परकर नेसायच्या वयापासूनची मैत्रीण. नवरा गेल्यापासून ती विड्या वळून पोट भरत होती आणि ओढ्याकाठच्या पत्र्याच्या खोपटात राहत होती. विडीच्या धंद्याचं मुख्य भांडवल म्हणजे पाणी. पानं आदल्या दिवशी भिजवून ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवावी लागतात. वाळकं पान वळायला गेलं की तडकतं, आणि तडकलेल्या पानाची विडी कारखान्यातला मुकादम मोडून फेकतो. ओढा आटला होता. कडूबाई पहाटे उठून पाण्यासाठी रांगेत उभी राहायची आणि पिण्यासाठी ठेवावं की पानांसाठी, याचा रोज निवाडा करायची.

"मालने," ती म्हणाली, "घर कसलं का आसंना. भितींना भोकं आसली तरी लिंपून घीन. पन पानी तेवढं बघ."

"पसंत मी करनार हाय," मालनबाई म्हणाल्या. "तू पानं भिजवायचा हौद कुठं बांधायचा तेवढं ठरव. बाकीचं माझ्यावर सोड."

"सोडते. तू जमवलेला नवरा लवकर गेला, पन व्हता गुनाचा."

पाहणीच्या दिवशी थंडी होती. मच्छिंद्रनं समितीला जीपमधून नेलं. कालव्याकडची कच्ची वाट, दोन वळणं, आणि समोर ऊस तुटून गेलेली काळीभोर जमीन. चारही कोपऱ्यांना चुन्यानं रंगवलेले दगड. बांधावर आंब्याचं झाड आणि त्याच्या सावलीत पाण्यानं भरलेली विहीर. झाडाखाली सतरंजी अंथरली होती आणि शेजारच्या आगटीत हुरड्याची कणसं भाजत होती. लसणाची चटणी होती, गूळ होता, दही होतं. जानेवारीत हुरड्याला नाही म्हणणारा माणूस नगर जिल्ह्यात जन्मायचा आहे.

"नाना आले न्हाईत?" मालनबाईंनी विचारलं.

"दाजींना बारीक ताप हाय," मच्छिंद्र म्हणाला. "म्हनले, माझं काय काम? समितीनं मोकळ्या मनानं बघावं."

दत्तोपंतांनी जमिनीकडे एकदा पाहिलं, "वा, फारच प्रशस्त!" म्हणाले आणि हुरड्याकडे वळले. छगनशेठनं आंब्याकडे पाहिलं, विहिरीकडे पाहिलं, मच्छिंद्रकडे जरा जास्त वेळ पाहिलं. हा मळा नानांनी मागच्याच साली पुण्याला गेलेल्या एका कुटुंबाकडून घेतलेला आहे, हे छगनशेठला चांगलं ठाऊक होतं. पण त्याचं तोंड हुरड्यानं भरलेलं होतं, आणि भरल्या तोंडानं बोलू नये असं त्याला लहानपणीच शिकवलेलं होतं.

मालनबाईंनी मात्र नवरी पाहावी तशी जागा पाहिली. पोहरा सोडून विहिरीचं पाणी काढलं, चूळ भरली, मग ओंजळभर प्यायल्या. माती चिमटीत घेऊन वास घेतला. गावापर्यंत चालत किती वेळ लागतो हे मच्छिंद्रला न विचारता आगटीजवळच्या गड्याला विचारलं. मग पदर खोचून सतरंजीवर बसल्या आणि म्हणाल्या, "पसंत हाय. गुरुजी, लिवा."

"काय लिहू?"

"जे दिसतंय ते. काळी जमीन, गोडं पानी, आंब्याचं झाड. काय सोडू नका. तुमाला निबंधाला धा पैकी धा मिळाले पायजेत."

दत्तोपंत खूश झाले. आयुष्यभर दुसऱ्यांचे निबंध तपासले होते, आता स्वतःचा लिहायला मिळत होता. त्यांनी आंब्याच्या सावलीवरच अर्धं पान खर्च केलं.

मालनबाईंनी संध्याकाळी साऱ्या गावात सांगितलं. विडी कारखान्याच्या दारात सांगितलं, पिठाच्या गिरणीत सांगितलं, नळावर सांगितलं. "अशी जागा लाखात एक. मालननं पसंत केलीय." एवढं सगळं केलं, एक गोष्ट केली नाही. न सांगता दुसऱ्यांदा पाहायला त्या गेल्या नाहीत. मुलगी जिवंत असते, बदलता येते. जमीन काय, ती कुठं जाणार आहे, असं त्यांना वाटलं.

सभेच्या तीन-चार दिवस आधी कडूबाई त्यांच्या ओट्यावर येऊन बसली. हातातलं सूप खाली ठेवलं, पण एकही विडी वळली नाही. कडूबाईचे हात थांबले म्हणजे काहीतरी मोठं बिघडलं असं समजायचं.

"काय गं, कडे?"

"हौदाची जागा बघाया गेल्तो आमी. मी आन दोघी-तिघी."

"मग?"

"गड्यानं हाकललं. म्हनला, नानांच्या मळ्यात पाय ठिवायचा न्हाई. म्हनलं, बाबा, ही आमच्या घरांची जागा हाय, मालननं बघितलीय. तर ह्यो खदाखदा हसला. म्हनला, तुमची जागा त्या तिकडं, माळावर. ही नुसती दाखवायची व्हती."

मालनबाईंनी चपला घातल्या आणि तशाच निघाल्या. कडूबाईनं वाट दाखवली. कालव्याची वाट संपली, मग पायवाट संपली, मग फक्त खडक राहिला. मच्छिंद्रचा माळ म्हणजे मुरूम, दगड आणि वारा. गवतसुद्धा तिथं नाइलाजानं उगवल्यासारखं दिसत होतं. एक विहीर होती. तीत कबुतरं राहत होती.

मालनबाई काठावर उभ्या राहिल्या. कबुतरांनी वर पाहिलं.

"धाकटी दाखवली आन थोरली देत्यात," त्या हळूच म्हणाल्या. "मला. मालनला!"

"आता काय करायचं?" कडूबाईनं विचारलं. "तू सभेत सांग की, फसवलं म्हून."

"सांगते."

सांगायच्या आधी त्या नानांकडे गेल्या. नाना ओसरीवर पानाला चुना लावत होते. ताप त्यांना कधी आला होता की नाही हे देवाला माहीत, आता मात्र ते ठणठणीत होते.

"मालनबाई, या. चहा घेनार?"

"न्हाई. नाना, दाखवलीत ती जागा कोनाची?"

नानांनी पान दुमडलं, तोंडात टाकलं, सावकाश चावलं. पटेल असं खोटं बोलायचीही त्यांना गरज वाटली नाही, एवढे ते निर्धास्त होते.

"बाई, मच्छिंद्राला आमच्या वळणाच्या वाटा कळत न्हाईत. जीप चुकली आसंल. आता तुमी सभेत उठून म्हनाल, जागा चुकीची. मग काय हुईल? ठराव पडंल. मंडळाचा साहेब म्हनंल, निंबवेढ्याचं ठरत न्हाई, आपुन दुसऱ्या गावाला जाऊ. मार्च संपला की पैसं गेलं. तुमच्या बायकांना ना मळा ना माळ. आन गाव काय म्हनंल? मालनबाईनं पसंत केली, मालनबाईनंच मोडली." त्यांनी पिंक टाकली. "माळावर तरी डोक्यावर छप्पर आसंल. पान्याचं बघू पुढं. टँकर दिऊ."

मालनबाई उठल्या. नानांचं बोलणं पक्कं होतं, हेच वाईट होतं. मोडावं तर कडूबाई ओढ्याकाठी राहणार. गप्प बसावं तर ती कबुतरांच्या शेजारी राहायला जाणार. आणि टँकरवर विड्या वळल्या जात नाहीत.

त्या दिवशी मालनबाई विचारात अशा बुडाल्या, की दोन स्थळं विचारायला आलेली माणसं त्यांच्या ओट्यावरून तशीच परत गेली.

सभेच्या दिवशी सभागृह भरलं होतं. एरवी मागच्या बाकांवर कुणी नसे. आज तिथं विडीवाल्या बायका दाटीनं बसल्या होत्या, प्रत्येकीच्या मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू. मालनबाईंनी निरोपच तसा दिला होता, की रोज बुडवू नका, सूप घेऊन या. नानांनी कपाळाला आठी घातली, पण हाकलता येईना. सभा सगळ्यांना खुली होती, आणि निवडणूक वर्षभरावर होती.

मंडळाचे भूमी अधिकारी शामकांत गोडबोले पुण्याहून आले होते. सज्जन माणूस. ना त्यांनी मळा पाहिला होता ना माळ. त्यांनी फक्त निंबवेढ्याचं एस. टी. स्टँड पाहिलं होतं, आणि परतीची गाडी कधी आहे याची चौकशी करून ठेवली होती.

विषय पुकारला गेला. नाना म्हणाले, "समितीनं पाहनी केलेली हाय. जागा योग्य हाय. सगळ्यांचं एकमत समजून..."

"नाना, आहवाल वाचू द्या की," मालनबाई म्हणाल्या. "गुरुजींनी येवढा जीव तोडून लिवलाय."

दत्तोपंत आधीच उभे होते. चष्मा पुसून त्यांनी वाचायला सुरुवात केली. काळी कसदार भूमी, अमृतासमान जल, आणि "आम्रवृक्षाची शीतल छाया जणू भावी रहिवाशांची वाट पाहत उभी आहे." मागच्या बायका वळता वळता ऐकत होत्या. एकीनं विचारलं, "आम्रवृक्ष म्हंजी?" दुसरी म्हणाली, "आंबा गं. कैऱ्या लागत्यात." छगनशेठ छताकडे पाहत होता. मच्छिंद्र दाराजवळ उभा होता, तो जरा आणखी दाराकडे सरकला.

वाचन संपलं तेव्हा मालनबाई शामकांतरावांकडे वळल्या.

"सायेब, एक अडानी शंका हाय. आमी जी जागा पाहिली, मंडळ तीच घेनार ना?"

"अर्थात!" शामकांतराव म्हणाले. "नाही तर पाहणी कशाला?"

"म्हंजी पाहिली एक आन घेतली दुसरी, आसं चालत न्हाई?"

"छे छे. तसं झालं तर थेट चौकशीच लागेल, बाई. मग कुणाकुणाची नोकरी जाईल सांगता येत नाही."

"चौकशी" हा शब्द सभागृहात जरा वेळ रेंगाळला. नानांच्या तोंडातलं पान थांबलं. मालनबाई आता मोडणार, असं त्यांना वाटलं, आणि त्यांनी जीप चुकल्याची गोष्ट जिभेवर आणून ठेवली.

पण मालनबाईंनी दोन्ही हात जोडले, आणि तेही नानांकडे पाहून.

"मग आज मला बोलू द्या," त्या म्हणाल्या, "कारन नाना सोताहून सांगनार न्हाईत. त्यांचा सोभावच तसा. मंडळी, आमाला दाखवली ती जागा कोनाची हाय ठावं हाय का? खुद्द नानांची! कालव्यालगतचा, हिरीवाला मळा. मेव्हन्याचा माळ हुता द्यायचा, पन नानांच्या मनाला पटलं न्हाई. विडीवाल्या बायांना दगडावर कसं बसवायचं? म्हून त्यांनी गुपचूप आपला मळा समितीला दाखवला. ताप आला म्हून घरी बसले, का तर आपलं कवतिक हुईल. आसा मानूस!"

मागच्या बाकांवर कडूबाईनं सूप बाजूला ठेवलं आणि टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी. तंबाखूची पूड हवेत उडाली आणि पहिल्या रांगेतल्या सभासदांना शिंका आल्या.

"आवो, पन ते..." नाना म्हणाले.

"बघा, लाजले!" मालनबाई म्हणाल्या.

दत्तोपंतांनी नानांकडे पाहिलं, मच्छिंद्रकडे पाहिलं, मालनबाईंकडे पाहिलं. त्यांना समजायला वेळ लागला, पण समजलं तेव्हा पुरतं समजलं. चाळीस वर्षं वर्ग सांभाळलेला तो आवाज खणखणीत निघाला. "समितीनं पाहिलेली जागा विहीर आणि आम्रवृक्षासह घ्यावी, या सूचनेला माझं अनुमोदन आहे." छगनशेठनं वारा कुठला आहे ते ओळखलं आणि हात वर केला. तो वर गेल्यावर इतरांचेही गेले.

शामकांतराव भारावले होते. "वाघुलेसाहेब, इतक्या वर्षांच्या नोकरीत मी लोकांना मंडळाच्या गळ्यात माळरान मारतानाच पाहिलं. बागायती जमीन देणारे तुम्ही पहिले!"

नाना उभे राहिले. एका बाजूला मळा होता, दुसऱ्या बाजूला चौकशी, आणि समोर विडीवाल्या बायकांची मतं. त्यांनी खाकरून घसा साफ केला. राजकारणात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला कडू घोट कसा प्यायचा हे शिकवावं लागत नाही. तो प्यायचा आणि प्रसाद म्हणून वाटायचा.

"माझी म्हातारी आई," नाना म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरोखरच दाटून आला, कारण डोळ्यांपुढे ऊस होता, "जाताना मला म्हनाली हुती, गोरख, गरिबांसाठी कायतरी कर. तिचा शब्द आज मी पाळतोय. वसाहतीला तिचं नाव द्यावं, येवढीच इच्छा."

"द्या की!" मालनबाई म्हणाल्या. "मोठं, रंगवून लिवा."

कुणीतरी धावत जाऊन हार आणला. नानांची आई जिवंत होती आणि घरी शेंगा सोलत होती, ते त्या क्षणी कुणी काढलं नाही. मच्छिंद्र दारातून कधी बाहेर गेला हेही कुणी पाहिलं नाही.

शामकांतरावांनी पेनाचं टोपण काढलं. "बरं, ठरावात मळ्याचा सर्व्हे नंबर घालावा लागेल. काय आहे?"

नाना हार गळ्यात सावरत म्हणाले, "नंबर काय, उद्या-परवा लावून देतो. घाई कसली?"

"आत्ताच सांगा, नाना," मालनबाई म्हणाल्या. "पसंती झाल्यावर मुलीचा बाप उद्या-परवा म्हनाया लागला, की आमी तिथनं उठत न्हाई."

मागं कडूबाईनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं होतं, पण तिचे हात थांबले होते. साऱ्याच बायकांचे थांबले होते.

नानांनी नंबर सांगितला. साहेबांना नीट ऐकू आलं नाही, म्हणून त्यांनी पुन्हा विचारला. नानांनी तो पुन्हा सांगितला, या वेळी मोठ्यानं.